टेपवरचा हुंकारा

"कोण आहे ती? उभी राहा."

मला वाटलं, सर दुसऱ्या कोणाला म्हणतायत. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तूच. हिरव्या पातळातली. उभी राहा."

मी उभी राहिले. मांडीवरची पिशवी खाली पडली. फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी फरशीवर आली. ती उचलायला वाकावं की सरळ उभं राहावं, मला कळेना. मी अर्धवट वाकलेली तशीच राहिले.

"इथे काय गोष्ट चाललीय? राजा-राणीची? मघापासून हुंकारे भरतेयस. तुझ्या घरचा ओटा आहे का हा?"

सगळा वर्ग हसला. पुढच्या बाकांवर कॉलेजची नियमित मुलं-मुली होती. ती माना वळवून बघायला लागली. मागे आम्ही होतो, बाहेरून बी.ए. करणारे. आमच्यातलेही हसले.

"चुकी गयं सर," मी म्हणाले.

एसटीत बसल्यापासून मी मनातल्या मनात शुद्ध बोलायचं घोकत यायची. ऐन वेळी तोंडाला घरचं आलं. मग काय विचारता. हसण्याला ऊतच आला. सरांनी तोंड वेंगाडून तेच परत म्हणून दाखवलं, "चुकी गयं!" पुढचा एक जण बाक बडवायला लागला.

टेबलावर टेपरेकॉर्डर होता. त्याचा लाल दिवा जळत होता. तो कोणी बंद केला नाही.

मी खाली बसले. त्यानंतर सर काय बोलले, एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. भाकरी पायाजवळ पडून होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तास संपून सगळे बाहेर गेल्यावर मी भाकरी उचलली.

ही धुळ्याची गोष्ट. रविवारची. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. पुस्तकं पोस्टाने घरी यायची आणि रविवारी ह्या कॉलेजात येऊन तास ऐकायचे, असा तो बी.ए.चा अभ्यासक्रम होता. आम्हाला बहिःस्थ म्हणायचे. शब्दच असा की माणूस उंबऱ्याबाहेर उभा दिसावा.

मी नरडाण्याजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी चालवायची. वरच्या बाई जीपमधून उतरायच्या आणि पोरांसमोर मला "ए" म्हणायच्या. त्या मुख्यसेविका. त्या जागेला पदवी लागते, हे मला कळलं तेव्हा माझ्या डोक्यात ते बसलं. आपण मुख्यसेविका व्हायचं आणि एकाही बाईला "ए" म्हणायचं नाही. नवरा स्टेशनवर हमाली करायचा. मी भीतभीत विचारलं तर म्हणाला, "जाय. रविवारले पोरेसले मी देखसू." पोरांना मी बघेन. एवढंच. माझ्या नवऱ्याचं हे बोलणं मी जन्मभर विसरणार नाही.

आम्ही महार. बौद्ध झालो होतो, पण गावच्या विहिरीला ते कळलेलं नव्हतं. विहिरीला हात लावायचा नाही. हंडा खाली ठेवायचा, लांब सरून उभं राहायचं. कोणाला दया आली की ती वरून ओतणार. दया यायला कधी कधी ऊन डोक्यावर यायचं. मी पोरांना अंगणवाडीत "पाणी हे जीवन" शिकवायची आणि स्वतः पाण्यासाठी ताटकळत उभी राहायची.

सर त्या दिवशी नेमकं हेच शिकवत होते. विषय समाजशास्त्र. गावातला पाणवठा. कोणाची विहीर कोणती, कोण कोणाला पाणी वाढतं, कोण लांब उभं राहतं.

सर फार चांगले शिकवायचे. ह्यात मी खोटं बोलणार नाही. पुस्तक उघडायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी सुरुवातच अशी केली, "एक बाई उभी आहे. तिच्या पायाशी रिकामा हंडा आहे." आणि मी वर्ग विसरले. पुढे बसलेली पोरं विसरले, टेप विसरले. ती बाई मीच होते. एक शिकलेला माणूस, इस्त्रीच्या कपड्यातला, माझं जगणं मोठ्या आवाजात सांगत होता. मला वाटलं होतं की ते फक्त आम्हाला माहीत असतं.

"हां," माझ्या तोंडून निघालं.

सर पुढे सांगत गेले. ऊन वर आलं. बाई उभीच. "हां," मी म्हणाले. "मंग?"

हे "मंग" त्यांना लागलं.

आता हुंकारा म्हणजे काय, हे ज्याच्या घरी ओट्यावर गोष्ट सांगितली गेली त्याला सांगायला नको. आमच्याकडे कोणी काही सांगायला लागला की ऐकणाऱ्याने "हां" म्हणायचं असतं. दर वाक्याला. म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की ऐकतायत. गप्प बसणं हा अपमान. माझा बाप, आबा, गोष्टी सांगण्यात पटाईत. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलून यायचा. नाका-कानात कापूस. हातपाय धुऊन ओट्यावर बसला की आळीतली माणसं गोळा व्हायची. मध्येच हुंकारा थांबला की आबा गोष्ट थांबवायचा आणि म्हणायचा, "मरी गयात का रे बठ्ठा?" सगळे मेलात काय रे? मग मला पुढे बसवायचा. "तू बस व मन्हापुढे. तुन्हा हुंकारावर गोट चालस." मी पाच-सहा वर्षांची असेन. बाप म्हणतो, माझ्या हुंकाऱ्यावर गोष्ट चालते. मला त्याचा केवढा ताठा. ऐकायचं कसं, ते मी असं शिकले. शाळेत मास्तर पाढे घोकून घ्यायचे, गोष्ट कोणी सांगायचंच नाही. त्यामुळे हुंकारा द्यायची वेळच आली नाही. ती आली थेट बी.ए.ला.

त्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. सरांच्या तासाच्या कॅसेटी करून त्या जळगाव, अमळनेर, शहादा, नंदुरबारच्या केंद्रांवर पाठवायच्या होत्या. वर्ग भरलेला वाटावा म्हणून नियमित मुलांना रविवार असून बोलावलं होतं, पुढे बसवलं होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या होत्या. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं की टेप चालू असताना तोंड बंद ठेवायचं. शिकलेल्यांना ते सांगावं लागत नसेल.

परतीच्या शिरपूर गाडीत इंदूअक्का माझ्याशेजारी बसली. सोनगीरची. वयाने माझ्याहून मोठी, बाहेरून बी.ए. करणारी, आमच्यातलीच. रविवारी आम्ही एकत्र डबा खायचो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. देवभाने गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बठ्ठा हसनात, मी बी हसनू. काय करू व?"

तिचं खरं होतं. ती हसली नसती तर तिलाही माझ्यात मोजलं असतं. सोनगीरला ती उतरली, खालून माझ्याकडे बघत राहिली, आणि गाडी सुटली. मला तिचा राग आला नाही. माझा आला. एवढं हां हां करायचं अडलं होतं का माझं?

पुढच्या रविवारी मी गेले. पाय निघत नव्हता तरी गेले. वर्गाच्या दारातच शिपाई म्हणाला, सरांनी बोलावलंय.

खोलीत सर एकटे होते. मला खुर्चीवर बसा म्हणाले. वर्गात "तू" होते, इथे "तुम्ही" झाले.

"बाई, तुम्ही खेड्यातून येता. एसटीचे हाल. घरी मुलं. तुम्ही दर रविवारी यायची काही गरज नाही." त्यांनी ड्रॉवरमधून कॅसेटी काढल्या, रबर लावलेल्या. "ह्या घेऊन जा. घरी बसून निवांत ऐका. तुमच्यासारख्यांसाठीच केल्यात ह्या. तिथे तुम्ही काही बोललात तरी कोणाला त्रास नाही."

शेवटचं वाक्य ते हसून बोलले. मलाही हसावं लागलं.

आणि मी त्या कॅसेटी घेतल्या. दोन्ही हातांनी घेतल्या, प्रसाद घ्यावा तशा. वर "थँक्यू सर" म्हणाले. मला हाकललं जातंय, हे मला कळलंच नाही. उलट वाटलं, केवढा मोठा माणूस, आपली काळजी करतो. शेजारच्या वर्गात तास सुरू झाला होता. बाकं सरकल्याचे आवाज येत होते. मी त्या वर्गावरून चालत फाटकाबाहेर आले.

घरी ऐका म्हणाले. घरी टेप आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

माझ्या घरी टेप नव्हता. आमच्या आळीत कोणाकडेच नव्हता. गावात दोन-चार घरी होता, पण त्या घरांच्या ओट्यावर मी चढू शकत नव्हते. म्हणजे माझं कॉलेज पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली पडून राहिलं. मी रविवारी घरीच असायची. नवरा विचारायचा, "जाती नही का?" मी सांगायची, आता घरूनच शिकायचंय, नवीन पद्धत आली. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. लाज माणसाला नवऱ्याशीही खोटं बोलायला लावते. मी पेटी उघडायची, कॅसेटी उलटसुलट करून बघायची, पुन्हा ठेवून द्यायची. पुस्तकात काही अडलं की ते अडलेलंच राहायचं.

असं करता करता आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आखाजीला खानदेशातली एकही सासुरवाशीण सासरी थांबत नाही. मी पोरांना घेऊन पॅसेंजरने अमळनेरला उतरले आणि तिथून माहेरच्या गावी गेले. भाऊ सुरतेहून आला होता. तिकडे साडीच्या कारखान्यात कामाला. त्याने टेप आणला होता, दोन स्पीकरचा. आळीतली पोरं दोन दिवस त्याच्याभोवती फिरत होती. मी म्हटलं, मला कॉलेजच्या कॅसेटी ऐकायच्यात. भावाला कोण आनंद. त्याने आळीभर सांगितलं, ताईचं कॉलेज लागणार आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळी जमली. झोका सोडून पोरी आल्या. मायने धुतलेली घोंगडी अंथरली. आबा थकला होता, दम लागायचा त्याला. पण टोपी घालून, भिंतीला टेकून, टेपच्या अगदी पुढे येऊन बसला. जणू आत कोणी बसलंय आणि ते पाहुणे आहेत.

भावाने बटण दाबलं. सरांचा आवाज आला. "एक बाई उभी आहे. तिच्या पायाशी रिकामा हंडा आहे."

"हां," आबा म्हणाला.

हीच कॅसेट असेल, असं माझ्या मनातही नव्हतं. त्यावर नुसते आकडे होते. बंद कर म्हणायला मी तोंड उघडलं, पण सगळी इतकी मन लावून ऐकत होती. आणि मला वाटलं, ते काढून टाकलं असेल. एवढी मोठी माणसं. असलं काय ठेवतील?

सर सांगत होते. ऊन वर आलं. बाई उभीच. "हां, बापू, हां," आबा म्हणत होता. माय म्हणत होती, चुलती म्हणत होती. आणि मग टेपमधूनही एक बारीक "हां" आला. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या हां मध्ये तो मिसळून गेला. मग टेपमधली बाई म्हणाली, "मंग?"

"कोण आहे ती? उभी राहा."

मायने एकदम पदर सावरला. तिला वाटलं, तिलाच म्हटलं. आबाचा "हां" तोंडातच राहिला. तो टेपकडे बघायला लागला. "हिरव्या पातळातली. उभी राहा." मग राजा-राणी झालं, ओटा झाला, हसणं झालं. आणि मग माझा आवाज. कोणी ओळखू नये असा तो नव्हता. "चुकी गयं सर."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं.

धुळ्याला हसणारे मला ओळखत नव्हते. इथे मला न्हाऊ-माखू घातलेल्या बाया बसल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने मी आळीतली कॉलेजला जाणारी पहिली बाई. टेपमध्ये लोक हसत होते, बाक बडवत होते, आणि आमच्या ओट्यावर माशी हलत नव्हती. माझ्या पोरीने विचारलं, "आई, तुला का हसतात?" मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते हे.

टेप थांबली नाही. हसणं ओसरलं आणि सरांचा आवाज आला, हळू, बाजूच्या कोणाला तरी सांगत असल्यासारखा. हे मी धुळ्याला ऐकलं नव्हतं. तेव्हा माझे कान बंद झाले होते.

"हे कापता येईल ना? ... नको, राहू दे. खेड्यातला विद्यार्थी काय असतो, त्याचा नमुना म्हणून राहू दे."

पुन्हा हसणं. आणि मग तास पुढे सुरू. तोच चांगला, भरदार आवाज. "तर मित्रांनो, हे सगळं आता इतिहासजमा झालेलं आहे. आजच्या पिढीला अशी बाई पाहायलाही मिळणार नाही."

"नाही," मी म्हणाले.

मी टेपला म्हणाले. मोठ्याने. "नाही सर. झालेलं नाही." मी आखाजीला निघायच्या दिवशी सकाळी हंडा खाली ठेवून उभी होते. टेप पुढे बोलत राहिली. ती इतिहासाकडून कायद्याकडे गेली. मी पुन्हा म्हणाले, "ऐका ना सर." भावाने बटण बंद केलं. लहान पोराला समजावतात तसं म्हणाला, "ताई, ती टेप शे."

बाया एकेक करून उठल्या. एक चुलती तेवढी जाताना पुटपुटली, "त्याले हुंकारा नको व्हता, त मानसेसपुढे काबर बोलना? भितले सांगानं व्हतं." भिंतीला सांगायचं होतं म्हणे. एरवी आम्ही हसलो असतो.

आबा तिथेच बसला होता. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्याने विचारलं,

"मी तुले चुकीनं शिकाडं का व?"

मी तुला चुकीचं शिकवलं का? माझा बाप हे मला विचारत होता. ज्याच्या गोष्टी ऐकायला आळी जमायची, त्याला एका टेपने स्वतःची शंका घ्यायला लावली.

"नही आबा," मी म्हणाले. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. त्याला ते कळलं. तो उठून आत गेला. माझ्या अपमानाचं मला जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं ह्याचं वाटलं. आणि त्याच दुपारी, त्या घोंगडीवर बसल्या बसल्या, मला एकेक गोष्ट लख्ख दिसायला लागली. सरांनी मला माझ्या सोयीसाठी घरी पाठवलं नव्हतं. वर्गात मी मध्येच बोलू शकत होते. टेपपुढे मी काहीही बोलले तरी त्यांचं वाक्य अडणार नव्हतं. त्यांना असाच विद्यार्थी हवा होता. आणि माझी फजिती मात्र त्यांनी जपून ठेवली होती. नंदुरबारला, शहाद्याला, अमळनेरला, कुठे कुठे ती वाजत असेल. मी नमुना झाले होते.

जून लागला, कॉलेज उघडलं. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. रविवारी पहाटे उठून त्याने चूल पेटवली. मी विहिरीवर जाऊन, लांब उभी राहून, हंडा भरून आणला आणि शिरपूरकडून येणारी पहिली गाडी धरली. कॅसेटी पिशवीत होत्या. त्या सरांच्या टेबलावर ठेवायच्या आणि वर्गात जाऊन बसायचं, एवढंच ठरवलं होतं. भांडायचं ठरवलं नव्हतं. मला भांडता येतं, हे मलाच माहीत नव्हतं.

वर्ग भरलेला होता. सगळे नवीन चेहरे. शिरपूरकडचे, साक्रीकडचे, कोणी नोकरीवरचे, बऱ्याच बाया. कडेच्या बाकावर इंदूअक्का दिसली. समोर सरांची खुर्ची रिकामी. टेबलावर टेपरेकॉर्डर. शिपायाने बटण दाबलं आणि तो चहाला निघून गेला.

"एक बाई उभी आहे."

म्हणजे सर आता येणारच नव्हते. धुळ्याच्या वर्गातही नाही. सर कॉलेजातच होते, पलीकडच्या खोलीत. त्यांच्या आवाजावर काम भागत होतं.

मी दाराशीच उभी राहिले. सगळे माना खाली घालून उतरवून घेत होते. खिडकीजवळ एक बाई होती, माझ्याच वयाची, गळ्यात काळी पोत. ती लिहीत नव्हती. ऐकत होती आणि दर वाक्याला हळूच मान हलवत होती. मला कळलं, ही आमच्याकडची.

"कोण आहे ती? उभी राहा."

वर्ग दचकला. मग ते काय आहे हे लोकांच्या ध्यानात आलं आणि टेपमधल्या लोकांबरोबर हेही हसायला लागले. माझं "चुकी गयं" झालं. आणखी हसले. त्या खिडकीजवळच्या बाईची मान थांबली. तिने मग मान हलवलीच नाही.

मी पुढे गेले आणि बटण दाबून टेप बंद केली.

"बस व, बस," इंदूअक्का कुजबुजली. मी बसले नाही. कोणीतरी जाऊन सरांना बोलावून आणलं.

"टेप कोणी बंद केली?"

"मी."

त्यांनी मला ओळखलं. "अच्छा. तुम्ही. तुम्हाला तर मी घरी ऐकायला दिली होती."

"ऐकली सर. आईबापासमोर ऐकली."

पुढचे लिहायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागले. काहींना आवाज ओळखू आला असावा. सर म्हणाले, "ते एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं बाई. गंमत असते ती."

"एक चूक आहे सर त्यात. वरून पाणी ओतणं इतिहासजमा झालेलं नाही. आज सकाळी मी तसंच पाणी भरून आले. हे मी टेपला सांगितलं होतं. म्हणून आता तुम्हाला सांगायला आले."

"ही चर्चेची जागा नाही. ही कॅसेट तुमच्यासारख्यांच्या सोयीसाठी आहे."

"सोय तुमची झाली सर. तुमचा तास वाचला."

हे मी बोलले. आणि लाज वाटत होती, तेव्हाही. चारचौघांत उभं राहून मोठ्या माणसाला उलट बोलणारी बाई म्हणजे कोण, हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

"ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी बाहेर जावं," सर म्हणाले. त्यांनी स्वतः बटण दाबलं आणि दाराकडे निघाले. त्यांचाच आवाज पुन्हा सुरू झाला.

मी पुन्हा बंद केली.

सर वळले. आता त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुमचं नाव मला वर कळवावं लागेल. ह्या केंद्रावरून परीक्षेला कशा बसता ते बघतो."

माझ्या डोळ्यांपुढे जीप आली. "ए" म्हणणाऱ्या बाई आल्या. पदवी आली आणि गेली. माफी मागितली असती तर ते मोठ्या मनाने सोडून देणार होते. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वाट बघत होते ते.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. सगळीकडे मी नवऱ्याचं नाव लावते. त्या दिवशी आबाचं लावलं. "लिहून घ्या सर," मी म्हणाले. "आणि कळवाल तेव्हा हेही कळवा, की बाईला तास हवाय. समोर बसून. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. चुकलात तर मध्ये बोलेन."

मी पिशवीतल्या कॅसेटी टेबलावर ठेवल्या आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. तिथे बसलेल्यांना सरकावं लागलं. ते सरकले.

सरांनी बराच वेळ वाट पाहिली, मी उठते का. मग खुर्ची ओढली आणि शिकवलं. घुश्शात शिकवलं, माझ्याकडे न बघता शिकवलं, फार वाईट शिकवलं. माझं नाव त्यांनी खरंच कळवलं. त्या वर्षी मला परीक्षेला बसू दिलं नाही. मी प्रत्येक रविवारी गेले. वर्गात टेप दिसली की बंद करायची आणि सर येईपर्यंत बसून राहायचं. कधी ते यायचे, कधी शिपाई येऊन मला बाहेर काढायचा.

लोकांना वाटतं, असं एकदा उलट बोललं की माणसाची लाज जाते. माझी गेली नाही. ती कॅसेट कुठल्या तरी कपाटात अजून असेल. अजून कोणी लावत असेल, हसत असेल. नुसतं आठवलं तरी माझी कानशिलं तापतात. तापू देत. लाज आहे तशी राहील आणि मीही राहीन. लाजेपायी मी एकदा वर्ग सोडून घरी गेले. पुन्हा जाणार नाही, आणि मी असेन तिथून दुसऱ्या कोणा बाईला जाऊ देणार नाही.